सव्वा किलो कुंकू

सोलापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा माझ्या मांडीवर आईचा पितळी डबा होता. रिकामा. आदल्या रात्री आईनं तो चिंचेनं घासून लख्ख केला होता आणि काम एकच सांगितलं होतं, “केमला जा आणि सव्वा किलो कुंकू घेऊन ये. केमचंच आण.”

कुंकू पुण्यात कुठंही मिळालं असतं. पण आई बार्शीची. तिच्या लहानपणी घरात येणारं कुंकू केमचं असायचं, आणि कुंकू म्हटलं की आजही तिच्या तोंडी केमच येतं. केम हे करमाळा तालुक्यातलं गाव, रेल्वेनं जाताना जेऊरच्या पुढं आणि कुर्डुवाडीच्या अलीकडं. पंढरपूर, तुळजापूरच्या दुकानांत रचलेल्या तांबड्या ढिगांतलं कितीतरी कुंकू या गावात तयार होतं. पौषाचे दिवस होते. खिडकीतून येणारा वारा बोचत होता, आणि डब्याचं गार पितळ माझ्या बोटांना लागत होतं.

हे कुंकू नवसाचं होतं. अकरा वर्षांपूर्वी बोललेल्या नवसाचं. आणि तो नवस पुरा झालेला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी बाबा अतिदक्षता विभागात होते. नऊ दिवस. पहिल्याच रात्री आईनं बंद दाराकडं बघत हात जोडले आणि तुळजापूरच्या आईला म्हणाली, “माझं कुंकू राख. तुला सव्वा किलो कुंकू वाहीन.” तिनं एकदाच म्हटलं आणि मग ती बाकावर शांत बसली.

मी शांत बसले नाही. पहिल्या दिवशी नारळ बोलले. तिसऱ्या दिवशी चांदीचा मुकुट. पाचव्या दिवशी डॉक्टर खाली मान घालून बोलायला लागले, तेव्हा वर्षभर गोड सोडायचं कबूल केलं. सातव्या दिवशी गडाच्या पायऱ्यांवरून दंडवत घालीन म्हणाले. बाबांची तब्येत उतरत गेली तशी मी बोली चढवत गेले. बाजारात माल हातचा जातोय असं वाटलं की माणूस करतो, तसंच.

त्या दिवसांत विम्याची कागदपत्रं माझ्याच पिशवीत असायची. एका दुपारी बाबांची पॉलिसी काढून बघत होते. आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हात दोन हातांच्या ओंजळीत एक ज्योत आहे, आणि त्याखाली गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द आहेत. जे अनन्यभावानं माझं चिंतन करतात त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं, त्यातले. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळलं जाणं. पॉलिसीत हप्ता होता, मुदत होती, कोणत्या कारणानं दावा नाकारला जाईल त्याची बारीक अक्षरांतली कलमं होती. गीतेतल्या त्या वचनात हप्ता कुठंच नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही. मी ते वचनही पॉलिसीसारखंच वाचलं. हप्ते मी भरले आहेत, आता दावा मंजूर कर.

नवव्या दिवशी पहाटे बाबा गेले. मी त्या दिवसापासून देवापुढं हात जोडायचे सोडले. कोणाशी वाद घातला नाही, नास्तिक झाले असंही म्हटलं नाही. व्यवहार मोडला, एवढंच माझ्या मनात होतं. समोरच्यानं शब्द पाळला नाही. पण त्यानं कोणता शब्द दिला होता आणि कोणता मी त्याच्या तोंडी घातला होता, हे मी कधी तपासलं नाही.

गाडी यवत, खुटबाव करत केडगावला थांबली. या स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आजवर कितीदा या मार्गानं गेले असेन, पण त्या सकाळी रमाबाईंच्या आईवडिलांची आठवण आली. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई मुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थं करत हिंडले. होता तो पैसा दानधर्मात, व्रतांत घातला. देव संतुष्ट होईल आणि दिवस पालटतील, ही आशा होती. मग दक्षिणेत दुष्काळ आला. खायला अन्न उरलं नाही. उपासतापास, जप, मूर्तीपुढची विनवणी सगळं चालू राहिलं आणि 1874 च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढं 1907 साली हे सगळं लिहून ठेवलं. सोळा वर्षांच्या त्या मुलीनं देवाशी मांडलेला हिशेब बुडताना डोळ्यांनी बघितला होता.

पुढं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो त्यांचा मार्ग. मला भिडतं ते वेगळंच. 1896–97 च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. शेकडो मुली इथं राहिल्या, शिकल्या. जिचं सगळं घर दुष्काळानं नेलं, तिनं दुष्काळातल्या पोरींना घर दिलं. आणि याच केडगावात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबल साध्या मराठीत आणलं. ते काम आटोपलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या.

त्या बायबलच्या पहिल्याच पुस्तकात याकोबाची गोष्ट आहे. भावाच्या रागाला भिऊन घर सोडलेला याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात देव त्याला सांगतो, मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तिथं तुला राखीन, तुला या देशी परत आणीन. त्यात अट नाही. सकाळी उठून याकोब नवस बोलतो. देव माझ्याबरोबर राहिला, मला राखलं, खायला भाकर आणि नेसायला वस्त्र दिलं, मी सुखरूप घरी परतलो, तर हा माझा देव होईल आणि मी दहावा हिस्सा देईन. रात्री जे फुकट मिळालं होतं, त्याचाच सकाळी त्यानं सौदा केला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो माणूस कोता वाटला होता. आता केडगावचा फलाट मागं पडत असताना वाटलं, रानात एकटा निजलेला तो मुलगा भ्यालेला होता. भीतीला मोजमापाचीच भाषा येते. दवाखान्याच्या त्या बाकावर मीही दुसरी कोणती भाषा बोलले होते?

दौंड गेलं. भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी रुळांच्या जवळ येतं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. त्यांतच पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की त्याचं शिखर वर येतं आणि लोक होड्यांतून दर्शनाला जातात. मी गेले तेव्हा पाणी भरपूर होतं. काठावर रोहित पक्षी उतरलेले होते आणि पाण्याखाली काय आहे याची वर काही खूण नव्हती.

आपल्याकडं घरात मोठं संकट आलं की देव पाण्यात घालून बसतात. देव्हाऱ्यातल्या मूर्ती पाण्याच्या भांड्यात ठेवायच्या आणि मागणं पुरं झाल्यावाचून काढायच्या नाहीत. देवाला साकडं घालायचं म्हणजे देवालाच कोंडीत धरायचं. आजीनं माझ्या मामासाठी घातले होते, ते मला आठवतं. घंगाळात ठेवलेला तो बोटभर बाळकृष्ण बघून मी लहानपणी रडले होते, त्याला थंडी वाजत असेल म्हणून. आजीचं प्रेम खोटं नव्हतं. पण ज्याच्यावर सगळा भार टाकायचा त्याचाच श्वास कोंडायचा, यात विश्वास कुठं राहतो?

जेऊर, भाळवणी आणि मग केम. स्टेशनातून गावात चालतच गेले. रानात शाळू निसवला होता, एका बांधावर हुरड्याची आगटी पेटलेली होती. धरणाच्या काठचा ऊस आणि केळी मागं राहिली होती. इथली माती उन्हाकडं तोंड करून पडलेली.

कुंकवाचं ठिकाण मला कुणाला विचारावं लागलं नाही. पत्र्याच्या एका शेडच्या भिंतीच लाल होत्या. दाराची कडी लाल, विजेच्या बटणांभोवती बोटांचे लाल ठसे, समोरच्या लिंबाच्या बुंध्यावर हात लागेल तिथवर लाल. अंगणात ताडपत्रीवर भिजकं कुंकू उन्हाला पसरलेलं होतं आणि एक बाई अनवाणी पायांनी त्यातून फिरत ते पावलांनीच खालीवर करत होती. तिच्या टाचांच्या भेगांत कुंकू बसलेलं होतं. किती वर्षं बसलं असेल कोण जाणे.

आईनं सांगितलं होतं, तिच्या आजीच्या काळी कुंकू घरी करत. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, त्यात टाकणखार घालायचा, की पिवळ्याचं तांबडं होतं. मग सावलीत वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. हळदीतलं पिवळं द्रव्य टाकणखाराशी आंबटात मिसळलं की लाल होतं, हा त्यातला रसायनाचा भाग. आता बाजारात जाणारं बहुतेक कुंकू पांढऱ्या पुडीला रंग देऊन, वाळवून, दळून, चाळून तयार होतं. शेडच्या आत चक्की चालू होती. चाळणीतून कुंकू पडत होतं आणि एका खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात त्याची धूळ हळूहळू खाली उतरत होती.

चाळणीपाशी बसलेल्या बाई माझ्या आईच्याच वयाच्या असाव्यात. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, मधले डोळे तेवढे पांढरे.

“कुठनं आलाव, ताई?”

“पुण्याहून. तुळजापूरच्या देवीसाठी कुंकू पाहिजे होतं. सव्वा किलो.”

“नवसाचं का?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांनी तोंडावरचं फडकं खाली केलं आणि माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं. सगळं. बाबांचं, आईचं, नऊ दिवसांचं. अनोळखी बाईला का सांगितलं ते माहीत नाही. कदाचित त्यांचे हात थांबले होते म्हणून.

“आवं, समदीच बोलत्यात,” त्या म्हणाल्या. “पोरगं व्हावं म्हनून, पाऊस पडावा म्हनून, कोर्टातला निकाल लागावा म्हनून. काही तर नवस सासूनं बोलायचा आन् फेडायचा सुनंनं. अनवाणी चालायचं तिनं, उपास धरायचा तिनं. देवानं कुटं सांगितलंय आसं?”

हे ऐकून मला मुरळ्या आठवल्या. खंडोबाला मूल वाहण्याचा नवस या महाराष्ट्रात शतकानुशतकं बोलला गेला. मुलगा वाघ्या व्हायचा, मुलगी मुरळी. घरातलं दुखणं बरं व्हावं म्हणून आईबाप शब्द देत, आणि तो फेडण्यात एका पोरीचं सगळं आयुष्य जाई. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढं 1934 मध्ये मुंबई इलाख्यात मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला. सौदा एकदा मांडला की किंमत मोजावीच लागते, आणि ती मोजायला घरातलं सगळ्यात दुबळं माणूस पुढं ढकललं जातं. देवावर भरवसा ठेवणाऱ्याला दुसऱ्या कुणाला गहाण ठेवावं लागत नाही.

“तुमचं कुंकू दळायला अजून थोडा येळ हाय,” बाई म्हणाल्या. “तवर उत्तरेश्वराला जाऊन या.”

उत्तरेश्वर हे केमचं ग्रामदैवत. महादेव. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. दगडी फरशी पायांना गार लागली. गाभाऱ्यात पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत होतं. अकरा वर्षांत मी देवळात गेले नव्हते असं नाही, कुणाच्या तरी सोबतीनं जात असे. एकटी पहिल्यांदाच आले होते.

उत्तर म्हणजे दिशा, आणि उत्तर म्हणजे जबाबही. मी जबाब मागायलाच आले होते, हे तिथं बसल्यावर माझं मला कळलं. का नेलंस? मी इतकं काही देत होते, तरी का?

पाणी पडत राहिलं.

मग आदल्या रात्रीची आई आठवली. ती मोरीत बसून डबा घासत होती आणि मी दारात उभी राहून जरा चढ्याच आवाजात विचारलं होतं, “बाबा तर गेले. मग कसलं देणं राहिलंय तुझं?”

तिनं मान वर केली नाही. “मी मागितलं ते मागितलं. तिनं दिलं नाही, ते तिचं ती जाणे. पण त्या नऊ रात्री मी बाकावर बसून काढल्या ना? मला कुणी धरून ठेवलं होतं? तुम्ही पोरं सैरावैरा पळत होता. मी तिच्या मांडीवर बसल्यासारखी बसले होते. त्याचं काय देऊ मी? माझ्याकडं कुंकूच आहे बोललेलं.”

रात्री हे मी ऐकलं आणि सोडून दिलं होतं. पिंडीसमोर ते परत ऐकू आलं. आम्ही दोघींनी एकाच दारासमोर नवस बोलला होता. मी बोलून पुढच्या बोलीकडं पळाले. आई बोलली आणि देवीपाशी बसून राहिली. तिलाही बाबा हवे होते, माझ्याइतकेच, बहुधा जास्तच. पण तिनं आपलं मागणं देवीच्या पदरात टाकलं आणि पदर सोडला नाही. मी मात्र नऊच्या नऊ दिवस किंमत ठरवत राहिले. त्या दिवसांत माझ्याजवळ कोणी बसलं असतं, तरी मला दिसलं नसतं.

आपल्या भाषेत नवस ‘फेडतात’. कर्जही फेडतात. एकच शब्द. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. माणसांकडचं येणं ज्यानं पाण्यात सोडलं, तो देवाशी खातं कशाला उघडेल? नवस-सायासांवर तुकोबांनी इतके कडक कोरडे ओढले, त्यामागं हा जळलेला जीव आहे. आणि त्यांचा विठोबा विटेवर कसा उभा आहे? कमरेवर हात ठेवून. भवसागर एवढाच खोल आहे, कमरेइतका, भिऊ नका, असं तो त्या हातांनी दाखवतो, असं आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्यानं पाणी नाही असं म्हटलेलं नाही. बुडणार नाहीस, एवढंच म्हटलंय. त्र्यंबकहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच करमाळा तालुक्यातून पंढरीला जाते. त्यात चालणारा वारकरी काही मिळेल म्हणून निघत नाही, आणि मिळालं नाही म्हणून पुढच्या वर्षी घरी थांबत नाही. त्याची वारी हा नेम असतो.

मी हात जोडले. काही मागितलं नाही. बाबांचं नाव घेतलं, इतकंच. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही. बऱ्याच वेळानं उठले.

शेडवर परतले तेव्हा बाईंनी कुंकू बाजूला काढून ठेवलं होतं. मी डबा पुढं केला. त्या डबा हातात घेऊन निरखत राहिल्या.

“आई लावत्यात का कुंकू?” त्यांनी विचारलं.

“बाबा गेल्यापासून नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. मला याच तालुक्यातली एक गोष्ट आठवली. करमाळ्याच्या महात्मा फुले समाज सेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांच्या पुढाकारातून विधवांचं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम उभी राहिली, आणि मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं त्या चाली बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला तर बाईचं कपाळ कोरं, यातही हिशेबच आहे. जणू तिच्या पुण्याईत काही कमी पडलं म्हणून तिनं किंमत मोजायची. आईच्या कपाळाचं आई ठरवेल. मी तिला आग्रह करणार नाही आणि अडवणारही नाही. पण जिचं स्वतःचं कपाळ अकरा वर्षं रिकामं आहे, ती देवीला कुंकवानं न्हाऊ घालायला निघाली आहे, यापुढं मला माझ्या सगळ्या बोली फार लहान वाटल्या.

बाईंनी तराजू हातात घेतला. एका पारड्यात एक किलोचं वजन, त्यावर पाव किलोचं. दुसऱ्या पारड्यातल्या कागदावर कुंकू पडत गेलं. काटा हलला, डुलला, मधोमध येऊन उभा राहिला. सव्वा किलो, चोख. मी पैसे मोजून दिले.

पैसे कनवटीला लावून त्या परत चाळणीपाशी गेल्या. ओंजळभर कुंकू घेऊन आल्या आणि त्या पारड्यात टाकलं. पारडं खाली बसलं.

“ह्ये कशाचं?” माझ्याही तोंडून त्यांचीच बोली आली.

“माझ्याकडनं. देवीला.”

“तुमच्यासाठी काही मागू तिथं?”

त्या हसल्या. हात झटकले तशी थोडी लाल धूळ उडाली. “मागायचं काय न्हाई, ताई. नुस्तं वाहा.”

डब्याचं झाकण जरा दाबूनच लावावं लागलं. संध्याकाळच्या गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसले. सकाळी हाताला गार लागणारं पितळ आता उन्हात राहिलेल्या कुंकवानं आतून कोमट होतं.